सेवा आणि स्वास्थ्य : यवतमाळच्या संदर्भात एक अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातील सोळा तालुक्यांपैकी झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांत नव्याने नेमणूक झालेला तरुण शिक्षक किंवा डॉक्टर पहिली दोन वर्षे मोठ्या उमेदीने काम करतो. कोलाम पोडावर पायी जातो, रात्री-अपरात्री हाकेला ओ देतो, स्वतःच्या पैशाने मुलांना पाट्या-पुस्तके आणून देतो. तिसऱ्या वर्षी मात्र त्याच्या हातून दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो बदलीचा अर्ज लिहितो. नाही तर जागेवर राहूनही त्याचे मन कामातून उठते. लोक म्हणतात, ‘सुरुवातीला चांगला होता हो!’ या उद्गारात दोष माणसाला दिला जातो. परंतु ज्या रीतीने त्याने कामाला सुरुवात केली, त्या रीतीतच काही उणे होते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

समाजोपयोगी काम म्हणजे स्वतःला झिजविणे, ही कल्पना आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. चंदन झिजते तेव्हाच सुगंध येतो, असे सत्कार-समारंभात हमखास सांगितले जाते. सहाण मात्र कोणाच्या घरची, हे कोणी सांगत नाही. बहुधा ती कार्यकर्त्याच्या पत्नीची, मुलांची आणि त्याच्या स्वतःच्या प्रकृतीची असते. म्हणूनच विदर्भातील ज्या व्यक्तींनी दीर्घकाळ आणि समाधानाने असे काम केले, त्यांनी हा हिशेब कसा मांडला, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाचे उदाहरण सर्वज्ञात आहे. शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन 1985 च्या सुमारास धारणी तालुक्यातील बैरागड येथे गेले. त्या काळी तेथे पोहोचण्यास सुमारे 40 किलोमीटर पायपीट करावी लागे. विवाहाचा विचार सुरू झाला तेव्हा त्यांनी आपल्या अटी आधीच सांगून टाकल्या : चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, पाच रुपयांत नोंदणी विवाह, महिन्याला चारशे रुपयांत संसार, आणि वेळ आलीच तर स्वतःसाठी नव्हे पण इतरांसाठी भीक मागण्याची तयारी. चारशे हा आकडाही हवेतला नव्हता. रुग्णामागे एक रुपया शुल्क आणि महिन्याला चारशे रुग्ण, असा तो सरळ हिशेब होता. अनेक स्थळांकडून नकार आल्यावर नागपूरच्या डॉ. स्मिता यांनी या अटी मान्य केल्या आणि 1988 मध्ये विवाह झाला. 2019 मध्ये उभयतांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या अटींकडे लोक कौतुकाने, क्वचित गमतीने पाहतात. त्यांतील खरा धडा गरिबीचा नाही. जी झीज सोसावयाची, ती आधी मोजली गेली आणि जी व्यक्ती ती सोसणार, तिची संमती आधी घेतली गेली, हा तो धडा आहे. आपल्याकडील कित्येक ध्येयवादी माणसांच्या घरी नेमके याच्या उलट घडते. त्याग नवरा ठरवितो आणि बायकोला तो महिनाअखेरीस किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीतून कळतो.

याच चरित्रातील आणखी एक प्रसंग लक्षात घेण्यासारखा आहे. बैरागडला काही काळ काम केल्यानंतर, स्फोटात हात गमावलेल्या एका रुग्णापुढे आपले ज्ञान अपुरे पडते, असे डॉ. कोल्हे यांना जाणवले. त्यांनी मेळघाट सोडला, एम.डी.चे शिक्षण पूर्ण केले आणि मग परत आले. मधला काळ आदिवासी बांधवांना डॉक्टर मिळाला नाही, हे खरे. परंतु अपुऱ्या शिदोरीवर तेथेच तग धरून राहणे म्हणजेच निष्ठा, असे त्यांनी मानले नाही. सेवेत असताना पुढील शिक्षणासाठी रजा मागणाऱ्या शिक्षकाकडे वा परिचारिकेकडे ‘कामचुकार’ म्हणून पाहणाऱ्या वरिष्ठांनी हा प्रसंग आठवावा.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था उभारली. ग्रामीण स्त्रियांचे आजार, बालकांचा न्यूमोनिया या विषयांवरील त्यांचे संशोधन जगन्मान्य झाले. काम वाढले, प्रवास वाढला, आणि 1995 मध्ये, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. इतरांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या वैद्याचे स्वतःच्या देहाकडे दुर्लक्ष झाले होते. या दुखण्याचा आणि त्यातून सावरण्याचा वृत्तांत त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात लिहिला. 2000 साली राजहंस प्रकाशनाने ते प्रसिद्ध केले आणि महाराष्ट्रात ते घरोघरी वाचले गेले. आहार, व्यायाम, योग व ध्यान यांना त्यांनी दिनक्रमात स्थान दिले, हे वाचकांच्या लक्षात राहिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, काम थांबले नाही.

नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग 39 गावांत चालला होता. त्याचे निष्कर्ष डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, म्हणजे झटक्यानंतर सुमारे चार वर्षांनी. ते शक्य झाले याचे एक कारण, हे काम एकट्या डॉक्टरांच्या खांद्यावर नव्हते. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना ‘आरोग्यदूत’ केलेले होते. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे ही कामे त्या करीत. ज्या कामात एकाच माणसावाचून सारे अडते, त्या कामात त्या माणसाला आजारी पडण्याचीही मुभा नसते. काम वाटून देणे ही शासनात पुष्कळदा जबाबदारी टाळण्याची युक्ती समजली जाते. येथे ती काम टिकविण्याची रीत ठरली. 2006 मध्ये बंग दांपत्याने ‘निर्माण’ हा युवकांसाठीचा उपक्रम सुरू केला. आपल्या शिक्षणाची सांगड समाजाच्या कोणत्या प्रश्नाशी घालावयाची, याचा शोध तरुणांनी वेळीच घ्यावा, असा त्यामागील हेतू आहे.

पुढे 2011 मध्ये ही पद्धत केंद्र शासनाने देशभर स्वीकारली. आज यवतमाळ जिल्ह्यातील आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाते, ती याच योजनेनुसार. तिची मात्र विचारपूस कोण करते? 2015 मध्ये यवतमाळ व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. त्याच सुमारास आरोग्य विभागाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने निराश शेतकऱ्याला हुडकून त्याला धीर देण्याचे काम गावपातळीवर आणले. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी घरोघरी जाऊन दुःख ऐकणे हे सोपे काम नव्हे. ऐकणाऱ्याच्या मनावरही त्याचा थर साचतो. ग्रामपंचायतीने आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवून, नोंदवह्या बाजूला ठेवून, एकमेकांचे ऐकू दिले तर त्याला कोणत्याही मंजुरीची गरज नाही. चहाचा खर्च तेवढा येईल. मानसिक आरोग्यासाठी 2022 पासून सुरू झालेली 14416 ही टेलि-मानस सेवा जशी शेतकऱ्यासाठी आहे, तशीच ती कर्मचाऱ्यासाठीही आहे.

यवतमाळ जिल्ह्यातीलच उदाहरण पाहावयाचे झाल्यास छोटी गुजरी येथील शेतकरी श्री. सुभाष शर्मा यांचे देता येईल. रासायनिक शेतीत प्रारंभी उत्पादन वाढले, पुढे खर्च वाढत व उत्पन्न घटत गेले, हा जिल्ह्यातील असंख्य शेतकऱ्यांचा अनुभव त्यांच्याही वाट्याला आला. नव्वदीच्या दशकात ते नैसर्गिक शेतीकडे वळले. माती, पाणी, झाडे, गाय आणि पक्षी यांना त्यांनी शेतीचे सोबती मानले. विकतची निविष्ठा कमी झाली, तसा कर्जाचा व काळजीचा भारही उतरला. शेतावर राबणाऱ्या मजुरांना बोनस देणे, त्यांना सहलीला नेणे, या प्रथांमुळे त्यांची शेती विशेष चर्चिली गेली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मालकाचे समाधान मजुराच्या कष्टावर उभे राहणार नाही, इतपत विचार ज्या शेतीत आहे, तिला व्यवसाय म्हणावे की समाजकार्य, हे ठरविणे कठीण आहे.

आता शासकीय सेवेकडे वळू. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला 30 दिवस अर्जित रजा व 8 दिवस नैमित्तिक रजा असते. 29 फेब्रुवारी 2020 पासून कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला; शाळा व रुग्णालये त्यातून वगळण्यात आली. नियम आहेत, पण वापर कसा होतो? अर्जित रजा 300 दिवसांपर्यंत साठविता येते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात, म्हणून ऐन चाळिशीत विश्रांतीची खरी गरज असताना ती शिल्लक टाकली जाते. निवृत्तीला मिळालेल्या रकमेतून मग रक्तदाबाची औषधे येतात. ही थट्टा नव्हे. कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी निवृत्तांच्या कट्ट्यावर बसल्यास हे ऐकावयास मिळते.

पंचायत सदस्यांच्या हाती याहून साध्या गोष्टी आहेत. बाहेरगावाहून आलेल्या शिक्षिकेला राहण्यायोग्य खोली, पाण्याची व शौचालयाची सोय, आणि रात्री दहानंतर तातडीचे नसेल तर दूरध्वनी करू नये एवढा संकेत. पोडावरच्या शाळेत ती किती वर्षे टिकेल, हे तिच्या ध्येयवादाइतकेच त्या खोलीचे छप्पर गळते की नाही, यावरही अवलंबून असते. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल.