गाडी कुणाची, नोंद कुणाची

चि. चिमू,

तुझ्या विमा कंपनीचं पत्र वाचलं. गाडीच्या नोंदीवर दिराचं नाव, विमा तुझ्या नावावर, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार अर्जात ‘रजिस्टर्ड कीपर कोण’ या प्रश्नापुढे ‘मी स्वतः’ असं उत्तर. एवढ्यावरून कंपनीने पॉलिसी सुरुवातीपासूनच रद्दबातल ठरवली आणि राउंडअबाउटवरच्या अपघाताचा क्लेम नाकारला. पत्राची भाषा अशी, की वाचणाऱ्याला आपण चोरी करताना सापडल्यासारखं वाटावं. घाबरू नकोस, आणि रागाच्या भरात उत्तरही धाडू नकोस. आधी हे प्रकरण ब्रिटनच्या कायद्यात नेमकं कुठे बसतं ते समजून घे.

इथे आलेल्या आपल्या माणसांचा गोंधळ पहिल्याच पायरीवर होतो, कारण डोक्यात भारताचा कायदा पक्का बसलेला असतो. तिथे १९८८चा मोटार वाहन कायदा सरळ सांगतो, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो गाडीचा मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं, की एक गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण आरसी पहिल्या माणसाच्याच नावावर राहिली होती. विमा नव्हता. अपघातात एकाचा जीव गेला आणि भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीवरच्या त्या पहिल्या माणसावर टाकली. गाडी आपण केव्हाच विकली, हे त्याचं म्हणणं कामी आलं नाही. म्हणून आपल्याकडे गाडी घेतली की पहिला प्रश्न ‘नाव लागलं का?’

ब्रिटनमध्ये मात्र तसं नाही. इथे स्वान्सीचं डीव्हीएलए जे नोंदणीपत्र देतं, ते व्ही-फाइव्ह-सी, त्याच्या दर्शनी भागावरच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. कीपर म्हणजे सरकार गाडीबद्दल ज्याला पत्र पाठवतं तो माणूस. रस्त्याच्या कराची आठवण त्याला जाते. कॅमेऱ्याने वेग पकडला तर पोलिसांची नोटीस १४ दिवसांच्या आत त्याच्याच पत्त्यावर जाते, आणि गाडी कोण चालवत होतं हे त्याने कळवायचं असतं. हप्त्यांवर घेतलेल्या गाडीची मालक फायनान्स कंपनी असते, तर कीपर गाडी वापरणारा. मालक, कीपर, विमा घेणारा आणि मुख्य चालक ही चार वेगवेगळी माणसं असू शकतात आणि त्यात बेकायदेशीर काहीच नाही. तुझ्या बाबतीत पैसे तुझ्या खात्यातून गेले, गाडी आणायला दीर गेला, आणि विकणाऱ्याने समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव आणि लेस्टरचा पत्ता घातला. गाडी मात्र पहिल्या दिवसापासून कॉव्हेंट्रीत तुझ्या दारात उभी असते आणि तूच चालवतेस. मालकी तुझी आहे, आणि बँकेची नोंद ते दाखवते.

मग कंपनी कीपर विचारते कशाला? कारणं खरी आहेत. गाडी रात्री कोणत्या पोस्टकोडमध्ये उभी असते आणि खरोखर कोण चालवतं, यावर विम्याचा हप्ता ठरतो. नुकसानभरपाईचा चेक कुणाच्या नावाने काढायचा हेही ठरवावं लागतं. शिवाय इथे एक लबाडी फार चालते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या गाडीचा हप्ता परवडत नाही, म्हणून वडील स्वतःला मुख्य चालक दाखवतात आणि मुलाचं नाव खाली जोडतात. याला कंपन्या ‘फ्रंटिंग’ म्हणतात. नोंद एकाची आणि विमा दुसऱ्याचा दिसला, की त्यांना आधी हाच संशय येतो. तुझ्या प्रकरणात तसं काही नाही, कारण मुख्य चालक म्हणून तू स्वतःचंच नाव दिलंस. हे तुझ्या बाजूचं सर्वांत भक्कम सत्य आहे आणि उत्तरात ते अगदी वर यायला हवं.

आता कायदा. हा भाग थोडा मागे जाऊन सांगावा लागेल, कारण कंपन्यांची भाषा आजही जुन्या कायद्याची आहे. १७६० साली सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरो या इंग्रजांच्या किल्ल्यावर फ्रेंचांनी हल्ला करून तो घेतला. गव्हर्नर जॉर्ज कार्टर यांच्यासाठी किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध लंडनमध्ये विमा उतरवलेला होता. विमा देणारे चार्ल्स बोएम म्हणाले, किल्ला कमकुवत होता हे आम्हाला सांगितलं नाही. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी या खटल्यात विम्यातल्या परस्पर विश्वासाचं तत्त्व मांडलं. मात्र निकाल कार्टर यांच्या बाजूने गेला, कारण विमा देणाऱ्याला जे स्वतः कळू शकत होतं, ते सांगितलं नाही म्हणून त्याला हात वर करता येत नाहीत. पुढच्या काळात या तत्त्वाचा भार ग्राहकावरच जास्त पडला. १९०६च्या सागरी विमा कायद्यात तर नियम असा झाला, की कंपनीने विचारो वा न विचारो, महत्त्वाचं सगळं ग्राहकाने आपणहून सांगायचं.

त्याचा जाच घरगुती विम्यापर्यंत पोचला. १९७५ सालच्या एका खटल्यात एका बाईंचे ३११ पौंडांचे दागिने गेले होते. त्यांच्या नवऱ्याला शिक्षा झालेली होती, आणि ते त्यांनी कंपनीला सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. अपील न्यायालयाला निकाल कंपनीच्या बाजूने द्यावा लागला, आणि देताना न्यायमूर्तींनीच कायद्याची ही अवस्था समाधानकारक नसल्याचं नोंदवलं. ती बदलायला पुढे जवळजवळ चार दशकं लागली.

संसदेने २०१२ साली ग्राहक विम्यासाठी वेगळा कायदा केला आणि ६ एप्रिल २०१३पासून तो लागू आहे. आता ग्राहकाचं कर्तव्य एवढंच, की विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन खरं उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं तर कंपनीला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: ग्राहकाने वाजवी काळजी घेतली नाही, आणि खरं उत्तर मिळालं असतं तर कंपनीने विमा दिलाच नसता किंवा वेगळ्या अटींवर दिला असता. दुसरी गोष्ट दाखवता आली नाही, तर उत्तर चुकीचं असूनही क्लेम नाकारता येत नाही.

त्यापुढेही पायऱ्या आहेत. चूक जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेली असेल तर कंपनी पॉलिसी रद्द करते, क्लेम नाकारते आणि हप्तेही सहसा ठेवून घेते. पण ते सिद्ध करणं कंपनीचं काम. निष्काळजीपणा असेल तर हिशोब वेगळा. अशा गाडीला विमा दिलाच नसता असं कंपनीने दाखवलं, तर क्लेम जातो पण हप्ते परत द्यावे लागतात. हप्ता जास्त घेतला असता असं निघालं, तर क्लेम त्या प्रमाणात मिळतो. समज, ६०० पौंड घेतले आणि खरं तर ९०० घ्यायला हवे होते. तर ६,००० पौंडांच्या क्लेमपैकी ४,००० द्यावे लागतील. खरं उत्तर कळूनही कंपनीने त्याच हप्त्यात विमा दिला असता, तर पूर्ण रक्कम. तुला आलेल्या पत्रात यातल्या कोणत्या पायरीवर कंपनी उभी आहे, याचा उल्लेखच नाही. ते लेखी मागणं हा तुझा पहिला मुद्दा.

एक सावधगिरी. कायदा असंही मानतो, की प्रश्न स्पष्ट आणि नेमका असेल तर त्याचं महत्त्व ग्राहकाला कळत होतं. तसं नव्हतं हे ग्राहकाने दाखवायचं. म्हणून प्रश्न नेमका कसा विचारला गेला ते फार महत्त्वाचं आहे. ‘तुम्ही मालक आणि रजिस्टर्ड कीपर आहात’ असं एकच वाक्य होतं का? उत्तर आधीच भरून ठेवलेलं होतं का? मालक आणि कीपर एकाच वाक्यात घालून एकच हो-नाही विचारलं असेल, तर तू मालक म्हणून ‘हो’ म्हटलंस, हे पूर्णपणे समजण्यासारखं आहे. आठवणीवर जाऊ नकोस. आपल्याविषयीची सगळी माहिती मागण्याचा हक्क विदासंरक्षण कायद्याने दिलेला आहे. कंपनीला सहसा एका महिन्यात आणि फुकट ती द्यावी लागते. त्यात तुझा अर्ज, विचारलेले प्रश्न आणि फोनची रेकॉर्डिंग्ज माग.

आता नातेवाइकांच्या सल्ल्याबद्दल. आपली माणसं प्रेमापोटी सांगतील, की नोंद आजच तुझ्या नावावर करून घे आणि ती पहिल्यापासून तशीच होती असं लिही. किंवा दिराकडून मागची तारीख टाकून चिठ्ठी घे. नोंद जरूर बदल, ती बदलायलाच हवी. पण केव्हा बदलली तेही स्वतःहून लिही. आज तुझ्या हातात एक चुकलेलं उत्तर आहे आणि त्याला कारण आहे. मागच्या तारखेची चिठ्ठी दिलीस, तर हातात खोटा दस्तऐवज असेल आणि मग कुठलाही लवाद तुझं खरंही खरं मानणार नाही. दिराकडून हवं तर खरं निवेदन घे: गाडी मी आणली, पैसे वहिनीचे होते, नाव माझं घातलं गेलं, गाडी मी वापरत नाही. आजची तारीख, सही, बस्स.

‘जाऊ दे, गाडी जुनीच होती’ असं म्हणून गप्प बसण्याचा विचारही मनात आणू नकोस. पॉलिसी कधी रद्दबातल झाली होती का, हा प्रश्न पुढचा विमा घेताना विचारला जातो आणि खरं उत्तर दिलं की हप्ता चढतो, काही कंपन्या तर विमाच नाकारतात. दुसऱ्या गाडीवाल्याचं नुकसान कायद्यानुसार कंपनीला बहुधा भरावंच लागेल, पण ते पैसे ती तुझ्याकडून वसूल करायला येऊ शकते. आणि एक गोष्ट आजच कर: गाडीवर सध्या विमा नसेल तर चावी कपाटात ठेव. विम्याविना चालवताना पकडलं गेल्यास ३०० पौंड दंड, लायसन्सवर ६ पॉइंट आणि गाडी जप्त होण्याची शक्यता. तुझं इथलं लायसन्स अजून दोन वर्षांचं झालेलं नाही. त्या मुदतीत ६ पॉइंट झाले की ते रद्द होतं आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते. भारतातल्यासारखा इथे विमा गाडीबरोबर जात नाही, तो माणसाशी बांधलेला असतो. दिराच्या पॉलिसीवर ‘तेवढ्यापुरती’ गाडी काढणं म्हणजे विम्याविनाच चालवणं.

तक्रारीचं पत्र लहान ठेव. वर ‘तक्रार’ असं स्पष्ट लिही. उत्तर चुकलं हे मान्य कर, कसं चुकलं ते चार ओळींत सांग, मुख्य चालक आणि पत्ता खरा दिला होता हे लिही आणि मग विचार: खरं उत्तर दिलं असतं तर तुम्ही नेमकं काय वेगळं केलं असतं, ते दाखवा. सोबत बँकेची नोंद, पावती, दिराचं निवेदन. कंपनीला अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे असतात. ते आलं नाही किंवा पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं. वकील लागत नाही, फी नाही. आधी तपासनीस मत देतो. ते कुणाला पटलं नाही तर ओम्बड्समन निर्णय देतो. तो तू स्वीकारलास तर कंपनीवर बंधनकारक, नाकारलास तर न्यायालयाचा मार्ग तुला मोकळा. कंपन्या हप्त्याचे आपले नियम ग्राहकाला दाखवत नाहीत, पण ओम्बड्समनला दाखवावे लागतात. तुझं प्रकरण तिथेच उलगडेल, आणि पूर्ण नाही तरी बरीचशी रक्कम मिळण्यासारखी ही बाजू आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

अंतिम उत्तराच्या तारखेपासून ओम्बड्समनकडे जाण्याची मुदत सहा महिने. माहिती मागण्याचा अर्ज आज पाठव, तक्रारीचा मसुदा शनिवारपर्यंत माझ्याकडे दे; आपण दोघं मिळून वाचू आणि सोमवारी पोच मिळेल अशा पोस्टाने धाडू.

तुझा,
मामा