आधी आईकडं बघ, मग पिल्लाकडं

कॅमेरा घेतलास, फार बरं केलंस पोरी. पिल्लांचे फोटो काढायचे म्हणतेस, तर एक गोष्ट कान देऊन ऐक. भिंगातून पिल्लू बघण्याआधी उघड्या डोळ्यांनी त्याची आई शोध. ती आपल्या कामात दंग असेल, तर तू योग्य अंतरावर आहेस. काम टाकून ती तुझ्याकडं बघायला लागली, की कॅमेरा खाली घे आणि आल्या वाटेनं मागं सर.

सुरुवात टिटवीपासून कर, कारण ती ओरडून सांगते. मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत नांगरलेल्या रानात, माळावर, खडीच्या ढिगाऱ्याजवळसुद्धा ती अंडी घालते. चार अंडी, मातकट रंगावर काळे ठिपके. घरटं असं काही नसतं, जमिनीतला उथळ खळगा. पिल्लं जन्मतःच पायावर उभी राहतात, पण आई ओरडली की जागच्या जागी अंग चोरून ढेकळात मिसळून जातात. डोळा तेवढा उघडा असतो. म्हणून टिटवी डोक्यावर घिरट्या घालायला लागली की पुढं पाऊल टाकू नको, पिल्लू तुझ्या चपलेखाली येईल. लांब बांधावर जाऊन गप बस. थोड्या वेळानं ती उतरते, चालत चालत खळग्याकडं जाते, मग फोटो मिळतो.

आणि एप्रिल-मेच्या भर दुपारी तिच्याकडं फिरकूही नको. त्या उन्हात अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. तू जवळ ठाण मांडून बसलीस, तर ती येणार नाही आणि अंडी उन्हात भाजून जातील. घरटं पायानं तुडवलं नाही म्हणून पाप लागत नाही असं समजू नको.

पाण्यावरची पिल्लं बघायची तर आपला मुरगूडचा सर पिराजीराव तलाव आहेच, आणि वेदगंगेवरच्या बंधाऱ्यांमागं साठलेलं संथ पाणी आहे. गवत आणि पाणवनस्पती जिथं दाट, तिथं टिबुकली शोध. तिचं घरटं पाण्यावर तरंगतं. घरट्यावरून उठताना ती ओल्या गवतानं अंडी झाकते. पिल्लं निघाली की तोंडावर पांढरे-काळे पट्टे असलेली ती चिमुकली आईच्या पाठीवर, पंखांत शिरून बसतात. हा फोटो प्रत्येकाला हवा असतो. त्यासाठी पाण्यात उतरायचं नाही, काठावर पोटावर झोपायचं. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ भर आणि कॅमेरा त्यावर टेकव. भिंग पाण्याच्या पातळीला आलं की पिल्लाच्या डोळ्यात उजेड दिसतो, वरून काढलं तर नुसती पाठ. सकाळचं ऊन पाठीवर घ्यायचं म्हणजे पूर्वेच्या काठाला बसायचं. कपडे मातकट रंगाचे घाल, पांढरे नकोत.

शटरचा वेग हजाराच्या वर ठेव, पिल्लं सारखी हलतात. चकचकत्या पाण्यावर काळपट पिल्लू असेल, तर कॅमेरा फसतो आणि त्याला आणखी काळं करतो. उजेड थोडा वाढवून घे. फोकस डोळ्यावर. फ्लॅश कधीच नाही.

कमळपक्षी दिसला तर बाप ओळख. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं तोच करतो, मादी दुसऱ्या नराकडं निघून जाते. तिथं तुला आई नव्हे, बाप बघायचा आहे.

पावसाळ्यात बंधाऱ्याचे पाणी अडवणारे बरगे काढलेले असतात. पाणी केव्हा चढेल सांगता येत नाही. जुलै-ऑगस्टात नदीकाठ सोड, तेव्हा घरीच बघ. खारीची पिल्लं, बुलबुलाचं घरटं, अंगणातली दयाळाची जोडी. घरातूनच, खिडकीच्या पडद्याआड उभी राहून काढ. बुलबुल चोचीत किडा घेऊन फांदीवर बसून राहिला आणि घरट्यात जाईना, तर तो तुझ्यामुळं थांबलाय. पिल्लं उपाशी आहेत. आड येणारं पान तोडू नको, ते पान म्हणजे त्यांची सावली आणि लपण आहे. पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि अंगावर पिसं नसली, तर हळूच उचलून घरट्यात ठेव. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतात, हे खुळं ऐकू नको. पिसं आलेली असली तर ते उडायला शिकतंय. मांजर तेवढं आवर.

आता ऊसतोडीचं सांगतो, ही खरी मोठी गोष्ट. तोड चालू असताना फडात पाचटाखाली रानमांजराची किंवा वाघाटीची पिल्लं सापडतात. लगेच "बिबट्याची पिल्लं" म्हणून गर्दी जमते, मोबाईल निघतात, कोणी मांडीवर घेऊन फोटो काढतं. तू तसला एकही फोटो काढू नकोस आणि दुसऱ्यालाही काढू देऊ नकोस. आई जवळच्या सरीत असते, गोंगाटामुळं येत नाही. वन विभागाला १९२६ वर फोन लाव आणि माणसं लांब कर. जुन्नर भागात वन खातं आणि माणिकडोहच्या बिबट्या केंद्रातली माणसं फडात सापडलेले बिबट्याचे बछडे त्याच जागी ठेवतात आणि लांबून नजर ठेवतात. अंधार पडला की आई येते आणि बछडा तोंडात धरून घेऊन जाते. अशा भेटीचे फोटो आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यानं टिपले आहेत, माणूस तिथं नव्हता म्हणूनच ते मिळाले. सशाचंही तसंच. पिल्लू दिवसभर एकटं गवतात बसतं, आई तिन्हीसांजेला दूध पाजायला येते. एकटं आहे म्हणजे पोरकं नव्हे.

नागाचं वीतभर पिल्लू दिसलं तर जवळ जाऊ नको, त्याला जन्मापासून विष असतं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरट्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे, हे लक्षात ठेव. फोटो कुणाला पाठवशील तेव्हा मोबाईलमधलं लोकेशन बंद कर. घरटं कुठं आहे विचारलं, तर मुरगूड परिसर एवढंच सांग, मग विचारणारा मामा असो की मास्तर. आणि वही ठेव. तारीख, पिल्लं किती, आई काय करत होती. आठवड्यानं पुन्हा जाऊन पिल्लं मोज.