निरोगी माणसाचा होकार

राजूरच्या महागणपतीची अंगारकी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना श्वासावाटे पसरणारा विषाणू म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. दर्शनाच्या रांगेत मागच्याचा श्वास पुढच्याच्या मानेवर पडतो. कोरोनाच्या साथीत राज्यातील मंदिरे मार्च २०२० मध्ये बंद झाली, १६ नोव्हेंबरला उघडली आणि पुन्हा बंद करावी लागली. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी ती परत उघडली, तोवर लस गावोगावी पोहोचली होती. परंतु तिची परीक्षा होत असताना ती कोणी टोचून घेतली, याचा विचार क्वचितच होतो.

आपल्या राज्यात कोव्हिशील्डच्या चाचणीतील पहिली मात्रा पुण्याच्या भारती रुग्णालयात २६ ऑगस्ट २०२० रोजी दिली गेली. त्या दिवशी पाच स्वयंसेवक निवडले होते. तिघांच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे आढळली, म्हणून त्यांना वगळून दोघांनाच लस मिळाली. देशभरात एकूण १,६०० निरोगी प्रौढ या अभ्यासात घेण्यात आले. त्यांपैकी १,२०० जणांच्या गटात दर चौघांमागे तिघांस लस व एकास लसीचा अंश नसलेले इंजेक्शन दिले गेले. कोणास काय मिळाले हे त्यास माहीत नव्हते आणि परिणामांची नोंद घेणाऱ्यासही नव्हते. औषध आजाऱ्यासाठी घेतले जाते; येथे मात्र धडधाकट माणूस दुसऱ्यांच्या उपयोगासाठी आपला दंड पुढे करतो.

सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनमधील एक स्वयंसेविका आजारी पडली आणि तेथील चाचणी थांबली. भारतातही नव्या मात्रा थांबविण्यात आल्या व सुरक्षिततेचा आढावा झाल्यावर काम पुन्हा सुरू झाले. अनेकांना ही वार्ता भीतिदायक वाटली. आम्हांस ती दिलासा देणारी वाटते, कारण थांबण्याची सोय नसलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. अर्थात, १,६०० माणसांत जे दिसत नाही ते कोट्यवधींत दिसू शकते. रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मीळ दुष्परिणाम लस सर्वत्र दिली गेल्यावरच लक्षात आला. मे २०२१ मध्ये केंद्रीय समितीने आपल्या देशात त्याचे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ असे नोंदविले.

आता होकाराविषयी. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांनी ती स्वेच्छेने घेतली. स्वतःवरील प्रयोगाचे धैर्य निर्विवाद आहे. पण कोठडीतल्या माणसाची स्वेच्छा कितपत खरी, हा प्रश्न आज कोणतीही नीतिसमिती विचारील. २०१९ च्या नियमांनुसार स्वयंसेवकास त्याच्या भाषेत सर्व सांगून लेखी संमती घ्यावी लागते. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई द्यावी लागते. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते.

ही चर्चा विश्वस्तांपुढे व देणगीदारांपुढे मांडण्याचे कारण धर्मादाय रुग्णालयाच्या स्वभावातच आहे. आमच्याकडे ज्याचे बिल देणगीतून भागते, तो रुग्ण वा त्याचा मुलगा आम्ही काही विचारले की म्हणतो, “डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं.” उपचाराच्या वेळी हा विश्वास हवाहवासा वाटतो. प्रयोगाच्या वेळी मात्र ते उत्तर संमती म्हणून धरता येत नाही, कारण उपकाराच्या ओझ्याखाली ‘नाही’ म्हणणे जड जाते. उद्या असा एखादा अभ्यास आमच्या दारी आला, तर साक्षीदार आमच्या कर्मचाऱ्यांपैकी नसावा, सवलतीत उपचार घेणाऱ्या कुटुंबांना आम्ही होऊन विचारू नये आणि कागद घरी नेऊन चार माणसांना दाखविण्यास प्रत्येकास पुरेसा अवधी मिळावा, असे आमचे मत आहे. त्यामुळे स्वयंसेवक कमी मिळतील, हे आम्ही जाणतो.