फेल झाली, पण कशामुळे?

भालकीत राहून मी सी++ लायब्रऱ्यांचं काम करतो आणि बिदर-कलबुर्गीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. लायब्ररीत काही टेस्ट अशा असतात की त्यांतला कोड कंपाइल होताच कामा नये. कंपायलरने नाकारला, तर टेस्ट पास. वापरणाऱ्याला चुकीचा कोड लिहू न देण्याची हमी लायब्ररी पाळते का, हे त्यांवरून कळतं. पण याच टेस्टचे निकाल हमखास फसवतात. त्याविषयी मुलांना जे सांगत आलो, ते असं.

१. नुसत्या ‘पास’वर भिस्त ठेवू नका. युनिक पॉइंटरची कॉपी होत नाही, हे तपासायचंय असं धरा. वर मेमरी हेडर घालायचं राहिलं, तर कंपायलरला युनिक पॉइंटर हे नावच कळत नाही. एरर येते, टेस्ट पास होते. कॉपीच्या ओळीची तपासणी झालेलीच नसते. सेमीकोलन सुटला किंवा फंक्शनचं नाव बदललं, तरी तेच.

२. प्रत्येक टेस्टला जोडीदार द्या. तीच फाइल, तेच हेडर, तेच फ्लॅग. फक्त कॉपीच्या जागी मूव्ह. ही फाइल कंपाइल व्हायलाच हवी. ती अडली, तर पहिलीचा ‘पास’ खोटा समजा. सगळ्यांत जास्त घोळ इथेच उघडे पडतात.

३. एररचं कारण तपासा, पण शब्दाला शब्द जुळवू नका. त्याच कॉपीला जीसीसी ‘यूज ऑफ डिलीटेड फंक्शन’ म्हणतो, तर क्लँग ‘कॉल टू डिलीटेड कन्स्ट्रक्टर’. शिवाय यूटीएफ-८ लोकेलमध्ये जीसीसी वळणदार अवतरणचिन्हं छापतो, सी लोकेलमध्ये साधी. मुलाचा लॅपटॉप कन्नड किंवा मराठी लोकेलवर आणि सर्व्हर सी लोकेलवर असला, की एकाच टेस्टचे दोन निकाल येतात. टेस्ट चालवताना लोकेल ठरवून द्या. क्लँगच्या व्हेरिफाय मोडमध्ये तर कोणत्या ओळीवर कोणती एरर हवी, तेही फाइलमध्येच लिहिता येतं.

४. कंपायलरने नाकारणं वेगळं, कंपायलर कोसळणं वेगळं. रस्टचा कंपायलर साध्या एररला १ हा एक्झिट कोड देतो, स्वतः कोसळला तर १०१. जीसीसीत एरवी दोन्ही वेळा १ मिळतो, म्हणून लॉगमध्ये ‘इंटर्नल कंपायलर एरर’ शोधावंच लागतं.

५. निकाल सांगणारी स्क्रिप्टही तपासा. बूस्टची बिल्ड व्यवस्था अशा टेस्टपुढे ‘फेल्ड अ‍ॅज एक्स्पेक्टेड’ छापते. स्क्रिप्ट नुसता ‘फेल्ड’ शब्द शोधत असेल, तर चांगली टेस्टही फेल दाखवेल. म्हणून लायब्ररीच्या कोडला हात लावण्याआधी लॉगमधली कंपाइलची कमांड जशीच्या तशी हाताने चालवा.

६. जमेल तिथे ‘कॉपी होते का’ हा प्रश्न कंपाइल होणाऱ्या कोडमधून विचारा. सी++११ पासून ‘इज कॉपी कन्स्ट्रक्टिबल’ स्टॅटिक असर्टमध्ये घालता येतं. तिथे हेडर राहिलं, तर टेस्ट सरळ फेल होते. लायब्ररीच्या फंक्शनच्या आतला स्टॅटिक असर्ट तपासायला मात्र जुनी पद्धतच लागते.

ओपन सोर्समध्ये पहिलं काम काय करू, असं मुलं विचारतात. मी सांगतो, आवडत्या लायब्ररीतली अशी एक टेस्ट निवडा, ती कोणत्या ओळीवर अडते ते पाहा आणि जोडीदार नसेल तर लिहून पाठवा.