इंजिनाला हलू द्या

सिग्नलला गाडी उभी. गिअर न्यूट्रलला, पाय ब्रेकवर. आरसा इतका थरथरतोय की मागच्या रिक्षाचा नंबर वाचता येत नाही. एसी लावला की डॅशबोर्डच्या आत कुठलंतरी प्लॅस्टिक भुंग्यासारखं गुणगुणायला लागतं. सिग्नल सुटतो, गाडी हलते आणि सगळं शांत होतं. माझ्या बारा वर्षं जुन्या, तीन सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचं असंच झालं होतं. गॅरेजात नेली, तर मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच सांगितलं, "फाउंडेशन गेलंय साहेब, तिन्ही बदलून घ्या." घेतली बदलून. थरथर वाढली.

नवं रबर टाकूनही गाडी आधीपेक्षा जास्त का थरथरावी, हे शोधताना जे हाती लागलं ते इथं क्रमानं सांगतो. पाने स्वतः चालवायचे नसतील तरी वाचा. गॅरेजात समोर उभं राहून काय बघायचं, एवढं तरी कळेल.

घोटाळा 'फाउंडेशन' या शब्दापासूनच सुरू होतो. घराचं फाउंडेशन हलता कामा नये. इंजिनाचं हललंच पाहिजे. लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटवलेलं ते रबर, म्हणजेच माउंटिंग, इंजिनाला जखडायला नसतं. इंजिनाचा थरकाप इंजिनापाशीच जिरावा, बॉडीत उतरू नये, एवढ्यासाठी ते असतं. पूर्वी इंजिन थेट चेसिसला बोल्टनं आवळलेलं असे आणि चालवणाऱ्याचे दातही त्याबरोबर वाजत. १९३१ साली क्रायस्लरनं प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणली. पुढचा आधार उंच, मागचा खाली, दोन्हींत रबर. त्यामुळे इंजिन स्वतःच्या वजनाच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेभोवती डुलायला मोकळं झालं. पुढच्याच वर्षी सिट्रोएननं हीच रचना परवान्यावर घेतली.

आता थोडं गणित. कंटाळा करू नका, पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत तीन स्फोट होतात. आयडलिंग मिनिटाला ८०० फेऱ्यांचं धरलं तर मिनिटाला १२०० स्फोट, म्हणजे सेकंदाला २० धक्के. रबरावर टांगलेल्या इंजिनालाही झोपाळ्यासारखी स्वतःची एक लय असते. धक्क्यांची लय या स्वतःच्या लयीच्या साधारण १.४ पटीपेक्षा जास्त असेल तरच रबर धक्के गिळतं. म्हणजे २० धक्क्यांसाठी इंजिनाची स्वतःची लय सेकंदाला १४ च्या आत हवी, आणि ती तिथं ठेवायला रबर मऊ हवं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं रबर कडक होत गेलं की ही लय वर चढते. २० च्या जवळ पोचली की झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलल्यासारखं होतं: रबर धक्के गिळायचं सोडून वाढवायला लागतं. चार सिलिंडरच्या गाडीत त्याच ८०० फेऱ्यांना सेकंदाला साधारण २७ धक्के पडतात, म्हणून तिला थोडी मोकळीक असते. तीन सिलिंडरची गाडी या बाबतीत नाजूक.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. "कडक रबर टाका, जन्मभर टिकेल" हा सल्ला कानाआड करा. पॉलियुरेथेनची रंगीत माउंटिंग शर्यतीच्या गाडीत ठीक आहेत. तिथं ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनानं जागच्या जागी राहावं अशी अपेक्षा असते. रोज ऑफिसला जायच्या गाडीत ती टाकलीत तर आरसा तर थरथरेलच, शिवाय सीटही थरथरेल.

तपासणी सुरू करायची ती फाउंडेशनला निर्दोष मानून.

आधी थरथर चाकांची की इंजिनाची, ते ठरवा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगानं चौथ्या गिअरमध्ये चालवा, मग त्याच वेगाला पाचव्यात. वेग तोच, पण इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या. थरथर जशीच्या तशी राहिली तर चाकांचं बॅलन्सिंग, टायर किंवा ड्राइव्ह शाफ्टकडे जा. फाउंडेशनचा विषय तिथंच संपला. थरथरीचा नूर बदलला तर गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये फेऱ्या हळूहळू ८०० वरून १२०० पर्यंत वाढवा. हजाराच्या आसपास थरथर अचानक विरघळली, तर कडक झालेल्या रबराचा संशय पक्का धरायला हरकत नाही.

पण थरथर एकसारखी नसून लंगडत असेल, मध्येच एखादा ठोका चुकत असेल, तर गाडी मिसिंग मारतेय. जगातलं सर्वांत मऊ रबरही त्यावर इलाज नाही. जुनी युक्ती अजून चालते: उघड्यावर गाडी सुरू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरा. तो सारखा बाहेर ढकलला गेला पाहिजे. मधूनच आत ओढला गेल्यासारखा झाला तर स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, मळलेली थ्रॉटल बॉडी बघून घ्या. डिझेल असेल तर इंजेक्टर. गॅरेजात स्कॅनर असेल तर कोणता सिलिंडर चुकतोय तेही कळतं. प्लगचा सेट माउंटिंगपेक्षा स्वस्त असतो, हेही लक्षात असू द्या.

तिसरी तपासणी बहुतेक जण विसरतात. इंजिनाला बॉडीशी जोडणारी प्रत्येक कडक वस्तू म्हणजे रबराला वळसा घालून जाणारी पायवाट. सायलेन्सर टांगलेली रबरं तुटली आणि पाइप बॉडीला टेकला, एसीचा पाइप क्लिपमधून निसटून जाळीला लागला, कुणी ॲक्सेसरी बसवताना वायरिंग इंजिनाला ताणून बांधलं, तर थरथर त्या वाटेनं आत येते. इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सर हातानं धरून हलवा. मोकळा डुलला तर ठीक. कुठं टण्णकन वाजला तर ती जागा सापडली म्हणायची. एका मित्राच्या गाडीचं सगळं दुखणं एअर फिल्टरच्या डब्याखालच्या हरवलेल्या एका रबरी बुचात होतं.

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच फाउंडेशनकडे वळा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तीन आधार असतात: एका बाजूला इंजिनाचा, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचा, आणि खाली मागं टॉर्क रॉड, ज्याला काहीजण डॉगबोन म्हणतात. पहिले दोन वजन पेलतात. तिसरा वजन घेत नाही. इंजिन पुढंमागं कलंडायला लागलं की त्याला तेवढं थोपवतो. म्हणून लक्षणंही वेगळी. उभ्या गाडीत थरथर असेल तर वरच्या दोघांवर संशय. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना खालून 'टक' आवाज येत असेल तर टॉर्क रॉड. अनेकदा तोच आधी जातो, आणि बदलायलाही तोच सर्वांत सोपा.

बॅटरीचा प्रकाश टाकून बघा. रबरावर बारीक सुरकुत्या असणं म्हणजे वय; त्याचं काही नाही. रबर लोखंडापासून सुटलंय, आरपार फाटलंय, की मधली लोखंडी नळी मध्यावर न राहता एका कडेला टेकलीय, हे बघायचं. तेलानं माखलेलं रबर फुगून लिबलिबीत होतं. तसं दिसलं तर आधी तेल कुठून गळतंय ते थांबवा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग न बदलता नवं माउंटिंग टाकणं म्हणजे गळक्या छपराखाली रंग काढणं.

मग जोराची चाचणी. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ओंडके किंवा विटा लावा, बॉनेट उघडा. गाडी नीट चालवता येणारा माणूस आत बसवा. त्यानं ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्षणभर हाफ क्लच करायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं. गाडीच्या पुढं किंवा मागं कुणीही उभं राहायचं नाही, दोन सेकंदांपुरतंही नाही. इंजिन थोडं कलंडून परत येणं स्वाभाविक आहे. उसळी मारून आपटत असेल तर माउंटिंग गेलंय, आणि उसळी कोणत्या बाजूनं येते यावरून कोणतं गेलंय तेही कळतं.

खरेदी करताना जुन्या भागावरचा नंबर जुळवून घ्या. एकाच गाडीच्या पेट्रोल, डिझेल, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक प्रकारांची माउंटिंग दिसायला सख्खी भावंडं असतात, रबर मात्र वेगळं. काही गाड्यांत इंजिनाच्या बाजूचं माउंटिंग हायड्रॉलिक असतं. आत ग्लायकॉलमिश्रित द्रव आणि त्याला जायला एक अरुंद, वळणदार वाट. खड्ड्यात इंजिन जोरात उसळलं की द्रव त्या वाटेनं रेटला जातो आणि उसळी जिरते; आयडलिंगच्या बारीक थरथरीला मात्र ते मऊच राहतं. ते फुटलं की खाली ओघळाचा डाग दिसतो. त्याच्या जागी नुसत्या भरीव रबराचा स्वस्त तुकडा बसतोही चपखल, आणि दुकानदार "सेम आहे" म्हणून देतोही. घेऊ नका.

आता माझी गाडी का बिघडली ते. दुसऱ्या एका मिस्त्रींनी बॉनेट उघडून इंजिनाच्या बाजूच्या माउंटिंगकडे बोट दाखवलं. मधल्या नळीच्या डावीकडे करंगळी जाईल एवढी फट, उजवीकडे कागदही जाणार नाही. त्यांनी गिअरबॉक्सच्या बाजूचे बोल्ट सैल केले मात्र, आख्खं इंजिन 'कट्ट' करून पाच-सहा मिलिमीटर सरकलं. पहिल्यांदा बसवताना इंजिन जॅकवर तिरकं उचललेलं होतं आणि त्याच अवस्थेत सगळे बोल्ट आवळले होते. रबर नवंकोरं, पण जन्मापासून पिळलेलं. पिळलेलं रबर कडक रबरासारखंच वागतं.

म्हणून बसवायची रीत अशी. गाडी सपाट जागी, इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. काढण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या. ब्रॅकेटची खूण, वॉशरची जागा, सगळं. गाडीखाली जायचं असेल तर घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय जायचं नाही, नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. इंजिनाला खालून दुसऱ्या जॅकचा आधार द्या, पण ऑइल चेंबर आणि जॅक यांच्यामध्ये रुंद लाकडी ठोकळा ठेवा. नाहीतर चेंबर पोचा खाईल, ॲल्युमिनियमचा असेल तर तडकेल. इंजिन उचलायचं नाही, जुन्या माउंटिंगवरचा भार तेवढा हलका करायचा. एका वेळी एकच माउंटिंग काढा. गंजलेल्या बोल्टवर स्प्रे मारायचा तर नवं रबर यायच्या आधी, आणि नंतर पुसून. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत हे काम आदल्या रात्रीच करून ठेवा.

जुनं आणि नवं माउंटिंग फरशीवर शेजारी ठेवून बघा. जुनं खचून बुटकं झालेलं असतं. तेवढं इंजिन खाली बसलेलं होतं.

नवं बसवलं की सगळे बोल्ट, टॉर्क रॉडचेसुद्धा, हातानं चांगले चार-पाच आटे फिरवून ठेवा. आवळू नका. तीनही आधार असे सैलसर असताना घोड्या काढून गाडी चाकांवर आणा, मग इंजिनाखालचा जॅक हळूहळू पूर्ण काढून घ्या. आता इंजिनाला वरून दोन्ही हातांनी पुढंमागं, डावीउजवीकडे हलवा. ते आपली जागा शोधतं. दोन-तीनदा हलवून ते एकाच जागी येऊन थांबायला लागलं की मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंची फट बघा. सारखी दिसली पाहिजे. मगच आवळायचं, तेही टॉर्क रेंचनं, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आणि क्रमानं. क्रम दिलेला नसेल तर वजन पेलणारे दोन आधी, टॉर्क रॉड शेवटी. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात. मॅन्युअलमध्ये तसं असेल तर ते नवे आणा.

दुचाकीवाल्यांसाठी थोडक्यात. बऱ्याच साध्या मोटरसायकलींत इंजिन फ्रेमला थेट आवळलेलं असतं. तिथं रबर शोधत बसू नका, सैल झालेले इंजिनाचे बोल्ट शोधा. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकासकट झुलतं आणि ते जिथं टांगलंय तिथले बुश झिजतात. १९६७ मध्ये नॉर्टननं कमांडो मोटरसायकलीचं ७५० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन रबरावर ठेवलं, तेव्हा रबराशेजारची फट वॉशर घालून नेमकी जुळवावी लागे. फट फार कमी राहिली की थरथर परत येई, जास्त झाली की गाडी वळणात डगमगे. रबर बदललं म्हणून फट जुळवण्याचं काम सुटत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

सगळं आवळून झालं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर येईल अशी ऑइलपेंटची एक पांढरी रेघ ओढा. पाचशे-हजार किलोमीटर चालवल्यावर बॉनेट उघडून बॅटरीनं बघा. रेघेचे दोन तुकडे एका ओळीत नसतील, तर तो बोल्ट फिरलाय.