हुशार आरसा : एक घरगुती प्रयोग

रात्रीच्या वेळीं एस. टी.च्या गाडींतून प्रवास करतांना खिडकीच्या काचेंत आपलाच चेहरा आपणांकडे पाहत असलेला प्रत्येकानें पाहिला असेल. दिवसा तीच काच शेतें, झाडें आणि मैलांचे दगड दाखविते. अंधार पडला कीं ती आरसा होते. काच बदलली काय ? मुळींच नाहीं. बदलला तो दोन्ही बाजूंच्या प्रकाशाचा तोल. विद्यार्थिमित्रांनो, एवढें एक तत्त्व नीट ध्यानांत आलें म्हणजे आमच्या विज्ञान मंडळानें यंदा तयार केलेल्या 'हुशार आरशा'चें निम्में रहस्य तुम्हांस उलगडलेंच म्हणून समजा.

हा आरसा म्हणजे काय तें प्रथम सांगतों. समोर उभें राहिलें असतां त्यांत आपलें मुख दिसतें, आणि त्याच वेळीं काचेवर शुभ्र अक्षरांत वेळ, तारीख, हवामान व दिवसाचें वेळापत्रकही दिसतें. त्याचे भाग तीनच आहेत : एक विशिष्ट काच, तिच्या मागें संगणकाचा एक सपाट पडदा, आणि त्यालाहि मागें एक चिमुकला संगणक.

आपल्या घरांतील साध्या आरशाच्या पाठीस चांदीचा किंवा अॅल्युमिनियमचा लेप असून त्यावर रंग दिलेला असतो; म्हणून त्यांतून पलीकडचें कांहींच दिसत नाहीं. आपल्या आरशाच्या काचेवरील लेप मात्र अतिशय विरळ असतो. समजा, तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या १०० भागांपैकीं ६० भाग ती परतविते, ३० भाग पार जाऊं देते आणि १० भाग स्वतःच शोषून घेते. आपल्या चेहऱ्याकडून १०० भाग प्रकाश काचेवर गेला तर ६० भाग परत येतो. काचेमागें अंधार असून तेथें केवळ ५ भाग प्रकाश असेल, तर त्यांतील दीड भागच आपल्यापर्यंत पोंचतो. साठांपुढें दीडास कोण विचारतो ? म्हणून आपणांस चेहराच दिसतो. परंतु मागील पडद्यावर २०० भाग तेजाचें एखादें अक्षर उजळलें, तर त्यांतील ६० भाग बाहेर येतो आणि तें अक्षर चेहऱ्याइतकेंच ठळक दिसतें. यावरून दोन नियम निघतात. काचेच्या मागें काळोख पाहिजे, आणि पडद्यावर काळ्या भूमीवर पांढरीं अक्षरें पाहिजेत.

हे नियम फळ्यावर लिहिणें सोपें, पाळणें कठीण. आमच्या पहिल्या प्रयत्नांत चौकटीच्या मागील फटींतून खिडकीचा उजेड आंत शिरला, आणि आरशांत चेहऱ्याबरोबर तारांचें जाळें दिसूं लागलें. मग पेटीस आंतून काळा रंग दिला आणि फटींना काळा कागद चिकटविला, तेव्हां तारा अदृश्य झाल्या. तरीहि संध्याकाळीं खोलींत अंधार झाला कीं काचेंत एक राखाडी चौकोन उमटे. याचें कारण असें कीं, एल. सी. डी. पडद्याच्या पाठीमागें सतत दिवा जळत असतो व काळ्या भागांतूनही त्याचा प्रकाश किंचित् पाझरतो.

आतां संगणकाविषयीं. आम्हीं वापरलेल्या संगणकाचें नांव रास्पबेरी पाय. इंग्लंडमधील केंब्रिज येथें एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांनीं, मुलांना स्वस्तांत संगणक मिळावा व त्यांनीं त्याशीं निर्भयपणें खेळावें, या हेतूनें तो सिद्ध केला. दिनांक २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं तो प्रथम विक्रीस आला, तेव्हां त्याची किंमत ३५ डॉलर होती. तो पत्त्याच्या पानाएवढा असून त्यास पडदा नाहीं, कळफलक नाहीं, तबकडीहि नाहीं. नखाएवढ्या एका मायक्रो एस. डी. कार्डावर त्याची सारी स्मृति सांठविलेली असते. एच. डी. एम. आय. तारेनें तो पडद्यास जोडतात आणि वाय-फायनें तो बाहेरची माहिती घेतो.

आरशावरील अक्षरांची मांडणी करणारा कार्यक्रम नेदरलंडमधील मायकेल टेऊ या गृहस्थानें २०१४ मध्यें प्रथम लोकांपुढें मांडला. त्याचें नांव मॅजिक मिरर. तो कोणासहि विनामूल्य घेतां येतो, इतकेंच नव्हे तर त्यांत बदलही करतां येतात. कोणती माहिती आरशाच्या कोणत्या कोपऱ्यांत दिसावी, हें एका लहानशा फाइलींत लिहावयाचें असतें. येथें आमचे दोन दिवस गेले. सर्व कांहीं बरोबर असून आरसा चालेना. अखेर आठवीच्या एका मुलीनें ओळीवर बोट ठेवून दाखविलें कीं एके ठिकाणीं स्वल्पविराम राहिला आहे. निबंधांतील विरामचिन्हांवर मी लाल शाई कां खर्चितों, तें त्या दिवशीं वर्गास पटलें. दुसरी अडचण मराठीची. देवनागरी टंक बसविलेला नसल्यामुळें अक्षरांच्या जागीं नुसते चौकोन दिसत. 'लोहित देवनागरी' हा मोफत टंक बसवितांच आरसा मराठी दाखवूं लागला.

चौकट एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं, जे सुतारकाम करतात, जुन्या सागवानाची करून दिली. तिची खोली चार इंच ठेवली, आणि त्यांच्याच सूचनेवरून खालीं व वर भोंकें पाडलीं. तापलेली हवा वर जाते व खालून थंड हवा आंत येते, हें तत्त्व आम्ही पुस्तकांतून शिकवितों. त्यांनीं तें धान्याच्या कोठारांचीं झरोकीं करतांना शिकलें होतें. ही सोय अत्यावश्यक आहे, कारण या संगणकाचें तापमान ८० अंश सेल्सिअसला पोंचलें कीं तो आपला वेग आपणच कमी करतो.

पालकांस एक सूचना. जुना मॉनिटर वापरावयाचा झाल्यास तो मुलांना एकट्यानें उघडूं देऊं नये. विजेची पिन काढल्यावरही आंतील कांहीं भागांत विद्युत् सांठून राहते व तिचा धक्का धोक्याचा असतो. हें काम आम्हीं जाणकार तंत्रज्ञाकडून करविलें.

आरसा शाळेच्या दारांतील भिंतीवर लागला, आणि त्यानंतर दोन प्रसंग घडले. एका सकाळीं वीज गेली; ती परत आली तेव्हां इंटरनेट बंद होतें. आमच्या या संगणकांत घड्याळ चालू ठेवणारी विद्युत्-घटिका नाहीं; त्यास खरी वेळ बाहेरून मिळते. ती न मिळाल्यानें त्यानें वीज जाण्यापूर्वीं नोंदलेली जुनीच वेळ धरून पुढें मोजणी सुरू केली. शिपाईमामांनीं आरशावर विश्वास ठेवून प्रार्थनेची घंटा पंचवीस मिनिटें उशिरां वाजविली ! दोष त्यांचा नव्हता. सुबक अक्षरांत लिहिलेलें तें खरेंच असणार, असें आपण सर्वच मानतों.

दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा. त्या कार्यक्रमांत पाहणाऱ्याची स्तुति करण्याची सोय आहे. आम्हीं मराठींत वाक्य घातलें होतें, 'आज तुम्ही छान दिसतां !' एके दिवशीं नववीची एक अबोल विद्यार्थिनी मजजवळ येऊन म्हणाली, "सर, काल मी तापांतून उठून आलें होतें, तरी आरसा तेंच म्हणाला. त्याला दिसतें का ?" मी म्हणालों, "नाहीं बाळ, त्याला डोळे नाहींत. शाळा सुटल्यावर तो रिकाम्या भिंतीलाहि तेंच सांगत असतो."

लागलीच कांहीं मुलांनीं सुचविलें, "मग कॅमेरा लावूं या, चेहरा ओळखून तो प्रत्येकास निरनिराळें सांगेल." तसें करतां येतें, हें मला ठाऊक होतें. मी एवढेंच विचारलें, "तुमच्या घरीं आई ज्या आरशापुढें केस विंचरते, त्या आरशाला डोळा असलेला तिला चालेल काय ? आणि तो जें पाहील तें कोठें सांठवील व कोण पाहील ?" वर्ग बराच वेळ शांत होता. मग मतें घेतलीं. दहापैकीं आठ जणांनीं कॅमेरा नको म्हटलें. उरलेल्या दोघांनीं, 'शाळेच्या दारांत निदान सर्वांना सांगून लावला असता,' असें मत दिलें, आणि तेंहि विचार करण्याजोगें आहे, असें मी त्यांस सांगितलें.

स्तुतीचें वाक्य मात्र एकमतानें काढून टाकलें. त्या जागीं आतां रोज एक विद्यार्थी आपल्या हातानें एक ओळ लिहितो. ज्या दिवशीं ती मुलगी पाळीवर होती, त्या दिवशीं आरशावर उमटलें : 'काल जो आला नाहीं, त्याला आज वही द्या.'

शेवटीं एक प्रयोग घरीं करून पाहा. आरशापासून दोन फुटांवर उभे राहा आणि त्याच्या काचेवर चिकटविलेल्या कागदाच्या कपट्याकडे पाहा. मग आपल्या चेहऱ्याकडे पाहा. कपटा डोळ्यांपासून दोन फुटांवर आहे, पण प्रतिमा काचेच्या मागें आणखी दोन फूट, म्हणजे डोळ्यांपासून चार फुटांवर आहे. म्हणून दोन्ही एकाच वेळीं स्पष्ट दिसत नाहींत. आमच्या आरशांतहि तसेंच होतें. अक्षरें वाचूं लागलें कीं चेहरा अंधुक होतो. हुशार आरसा जरूर करा, त्यांतून पुष्कळ शिकाल. पण दिवसांतून एकदां तरी अक्षरें सोडून चेहऱ्याकडे पाहावें. त्यासाठीं विजेची गरज लागत नाहीं.