धमनीची लवचीक भिंत

मुलांनो, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. ठोके लागतात ना? हीच तुमची नाडी. हृदय थांबून थांबून रक्त ढकलते. मग दोन ठोक्यांच्या मध्ये शरीरातील रक्त थांबते का? नाही. ते वाहतच राहते. असे कसे होते?

हृदयातून महाधमनी निघते. मोठ्या माणसात ती सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद असते. प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त तिच्यात येते. तेव्हा तिची भिंत रबरासारखी ताणली जाते. हृदय विसावले, की ती आकसते आणि साठलेले रक्त पुढे ढकलते.

इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली धमन्यांची तुलना आगीच्या बंबाशी केली. बंबाचा दांडा वरखाली होतो. पण आत दाबलेल्या हवेमुळे पाण्याची धार तुटत नाही.

या भिंतीत इलॅस्टिनचे तंतू असतात, ते ताणतात. कोलॅजेनचे चिवट तंतू तिला फार ताणू देत नाहीत. इलॅस्टिन मुख्यतः जन्मापूर्वी व बालपणी तयार होते. पुढे ते झिजते, पण नवे फारसे बनत नाही. मग भिंत ताठर होते व हृदयाचे श्रम वाढतात. तंबाखू आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे हे लवकर घडते.

म्हणून तंबाखूपासून दूर राहा. रोज खेळा. ही भिंत तुम्हांला जन्मभर पुरवायची आहे.

शब्दार्थ : आकसणे – आखूड होणे, चिवट – सहज न तुटणारे, ताठर – न वाकणारे.

प्रश्न : दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त का थांबत नाही?